वय वाढवायचं की परवाना टप्प्याटप्प्याने द्यायचा?

गाडी चालवण्याचं किमान वय वाढवावं का, असं विचारलं की बहुतेक जण हो किंवा नाही म्हणून मोकळे होतात. पण मत द्यायचं असेल तर दोन उपाय शेजारी ठेवून बघायला हवेत. एक, वय सरसकट पुढे ढकलणं. दुसरा, वय तेच ठेवून परवाना टप्प्याटप्प्याने देणं, म्हणजे आधी मोठ्या माणसासोबत सराव, मग काही बंधनं पाळून गाडी चालवणं, आणि शेवटी पूर्ण परवाना.

वय वाढवण्यामागचं कारण ठोस आहे. मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. सोळा वर्षांच्या मुलाला नियम तोंडपाठ असतात, पण मागून मित्र "काढ, काढ, बसेल गाडी" म्हणाला की पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडतोच. न्यूझीलंडने २०११ मध्ये शिकाऊ परवान्याचं वय १५ वरून १६ केलं. असा नियम तपासायलाही सोपा, जन्मतारीख बघितली की झालं.

अननुभव मात्र वयाने जात नाही. मुलीला शिकवताना शेजारच्या सीटवर माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असायचा. तिची नजर बॉनेटच्या पुढे चार हातांवर खिळलेली. आरशाकडे लक्षच नाही. तीन गाड्या पुढे कुणी वेग कमी करतंय हे दिसायला तिला कित्येक आठवडे लागले. अठराव्या वर्षी पहिल्यांदा स्टेअरिंग धरणाराही असाच बघतो. म्हणून एकट्याने गाडी काढण्याचे पहिले काही महिने कोणत्याही वयात सर्वात धोक्याचे.

टप्प्यांची पद्धत नेमकी इथे उपयोगी पडते. स्वीडनने १९९३ मध्ये सरावाचं वय साडेसतरावरून १६ वर आणलं, परवाना मात्र १८ लाच ठेवला. सराव भरपूर वाढला आणि नवशिक्यांचे अपघात घटले. जर्मनीत १७ व्या वर्षी परवाना मिळतो, पण १८ पूर्ण होईपर्यंत शेजारी नोंदवलेला मोठा माणूस लागतो. कॅलिफोर्नियात १८ खालच्या नव्या चालकाला पहिले १२ महिने रात्री ११ ते पहाटे ५ गाडी चालवायला आणि मोठं माणूस सोबत नसताना २० वर्षांखालच्यांना बसवायला बंदी आहे, काही अपवाद सोडून. रात्र आणि गाडीभर मित्र, धोका वाढवणाऱ्या दोन्ही गोष्टी त्यात आल्या.

या पद्धतीतही एक मोठी फट आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण झाले की ही बंधनं लागू होत नाहीत. मग काही मुलं तोवर थांबतात आणि टप्पे टाळून थेट परवाना घेतात. न्यू जर्सीने ही फट बरीच बुजवली आहे. तिथे एकट्याने चालवण्याचं वय १७, आणि २१ खालच्या प्रत्येक नव्या चालकाला टप्पे लागू. मला हीच रचना पटते. वय थोडं वर, आणि टप्पे १८ पूर्ण होताच न संपणारे.

कामावर किंवा कॉलेजला जायला दुसरं वाहनच नाही, अशा मुलांसाठी नुसतं वय वाढवणं फार जड जातं. त्यांना दिवसा, एकट्याने चालवण्याची मुभा टप्प्यांच्या पद्धतीत देता येते.

पण जिथे रात्री कुणी तपासत नाही, सरावाचे तास घरचे डोळे झाकून लिहून देतात आणि शेजारी बसायला मोठं माणूस मिळत नाही, तिथे टप्पे कागदावरच राहतात. अशा ठिकाणी मी वय वाढवण्याच्या बाजूने मत देईन.