बंदरातला गाळ : कधी काढायचा, कुणी किती भरायचे?

ओहोटीला बोटीच्या पंख्यामागे पाणी चॉकलेटी व्हायला लागलं की समजायचं, तळ जवळ आला. मग बैठक बसते आणि थेट वर्गणीवरून जुंपते. त्याआधी एक ठरवायला हवं: गाळ दरवर्षी थोडा थोडा काढायचा, की चार-पाच वर्षांनी एकदम?

दरवर्षी काढला तर खोली टिकते. पण ड्रेजर, म्हणजे गाळ उपसायचं यंत्र, आणण्या-नेण्याचा खर्च गाळ थोडा असो वा फार, जवळपास तेवढाच येतो आणि तो दरवर्षी पडतो. यंत्र लांबून येणार असेल तर एकदमच काढणं परवडतं. फक्त मधल्या वर्षांत पैसे साठत राहिले पाहिजेत, नाहीतर ऐनवेळी निम्मे लोक काखा वर करतात. शेजारच्या बंदराचं काम त्याच हंगामात निघत असेल तर ने-आण वाटून घ्यावी.

आता वाटणी. सगळ्यांना सारखी वर्गणी म्हणजे हिशोब सोपा, भांडण हमखास. वीतभर बुडणारी होडी आणि दोन मीटर बुडणारा ट्रॉलर एकाच पंगतीत कसे बसवणार? लांबीवर आकारणी केली तर बोट धक्क्याची किती जागा अडवते ते कळतं, तिला पाणी किती लागतं ते नाही. मालाच्या किमतीवरही आकारतात. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने बंदर देखभालीसाठी असा कर आला, दर पुढे ०.१२५ टक्के झाला. निर्यातीवरची वसुली मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. शिवाय घड्याळं भरलेलं जहाज कोळशाच्या जहाजापेक्षा खोल बुडतं थोडंच!

माझं मत ड्राफ्टच्या, म्हणजे बोट किती बुडते त्याच्या बाजूने, पण टप्प्याटप्प्याने. समजा सगळ्यांना दोन मीटर पाणी पुरतं आणि दोघांनाच तीन हवं. दोन मीटरपर्यंतचा खर्च सर्वांचा, खालच्या मीटरचा त्या दोघांचा. त्यांना तो जड वाटेल, कारण चर खोल नेला की बाजूंचा उतार राखायला रुंदही करावा लागतो, आणि त्या वाढीव रुंदीचा गाळही त्यांच्याच खात्यावर जातो. स्वतःच्या जेट्टीलगतचा गाळ ज्याचा त्याने काढावा.

कंत्राटात गाळ कुठे मोजणार ते आधी लिहून घ्या. ड्रेजरच्या टाकीत मोजला तर गाळाबरोबर उपसलेल्या पाण्याचेही पैसे जातात. कामाआधी आणि नंतर तळाची मोजणी करून फरकाचे पैसे देणं बरं. तिथेही जादा खोदाईची मर्यादा घाला: २०० मीटर लांब, २० मीटर रुंद मार्गात ३० सेंटिमीटर जास्त खोदलं तर १२०० घनमीटरचं बिल वाढतं.

आणि बैठकीत यावर मतदान घेण्याआधी गाळाचे नमुने तपासून घ्या. त्यात जड धातू किंवा तेल निघालं तर तो समुद्रात टाकायची परवानगी मिळणं अवघड; जमिनीवर बंदिस्त जागा शोधावी लागते आणि कधीकधी तोच खर्च उपशापेक्षा मोठा होतो.