टेबलावरचे ५ इंची ॲक्टिव्ह स्पीकर: काही महिने रोज वापरल्यानंतर

५ इंची वूफर (खालच्या स्वरांचा), १ इंची सिल्क डोम ट्वीटर (तीव्र स्वरांचा), दोन्ही डब्यांत स्वतंत्र क्लास-डी ॲम्प्लिफायर आणि पोर्ट, म्हणजे बासची हवा जाण्याचं छिद्र, मागच्या बाजूला. अशी ॲक्टिव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असलेली, जोडी काही महिने रोज वापरात आहे: कॉल, गाणी, सिनेमे, थोडं एडिटिंग. आवाज स्वच्छ आणि मोकळा आहे. पण त्यातला निम्मा वाटा मांडणीचा आहे, हे आता ठामपणे सांगता येतं.

वॉटचा आकडा बघत बसू नका. मीटरभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात ऐकायला एखादा वॉटही पुरतो. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल वॉटचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडूनच द्या. २.१ च्या (दोन छोटे स्पीकर, म्हणजे सॅटेलाइट, आणि एक सबवूफर अशा) स्वस्त सेटपेक्षा अशी साधी जोडी मला कधीही बरी वाटते. त्या सेटमधले सॅटेलाइट इतके लहान असतात की १५०-२०० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरवर ढकललेलं असतं. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो; त्यामुळे माणूस पडद्यावर बोलतो आणि आवाजातला भारदस्तपणा टेबलाखालून येतो.

आता मांडणी. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून डोक्यापर्यंत हवं. टेबलावर ते ८० सेंमी ते १ मीटर बसतं. ट्वीटर कानाच्या उंचीला यायला हवा. स्पीकर थेट टेबलावर ठेवले की ट्वीटर छातीच्या दिशेने राहतो आणि तीव्र स्वर बोथट होतात. शिवाय टेबलावर आपटून आलेला आवाज थेट आवाजात मिसळतो आणि १०० ते २५० हर्ट्झचा पट्टा फुगतो; कुणी माठात तोंड घालून बोलतंय असं वाटतं. तिरक्या फोम पॅडने ट्वीटरची दिशा सुधारते, फुगवटा मात्र बराचसा तसाच राहतो. १५-२० सेंमी उंचीच्या स्टँडने फरक लगेच कळतो.

मागच्या भिंतीचं गणित वेगळं. खालचे स्वर डब्याच्या मागेही पसरतात, भिंतीवरून परततात आणि एका ठरावीक जागी थेट आवाजाला खोडतात. स्पीकरचा पुढचा चेहरा भिंतीपासून ३० सेंमीवर असेल तर हा खड्डा २८५ हर्ट्झच्या आसपास पडतो, १ मीटरवर असेल तर ८६ च्या आसपास. टेबलावर मीटरभर मागे जागा नसतेच, त्यामुळे खड्डा बासच्या वर ढकलायला डबा भिंतीच्या जवळ घेणं उत्तम. पोर्टला ५ ते १० सेंमी श्वास ठेवायचा. जवळ घेतल्यावर बास वाढतो. म्हणूनच निवडताना मागे बास २ किंवा ४ डेसिबलने कमी करणारा स्विच आहे का, हे मी वॉटच्या कितीतरी आधी बघेन. इक्वलायझर (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करणारी सोय) वापरत असाल तर फुगवटे कापा. खड्डे भरायला जाऊ नका. तिथे जेवढा आवाज वाढवाल, तेवढाच भिंतीवरून येऊन खोडला जातो.

सगळ्यात जास्त त्रास सूं आणि घूं या दोन आवाजांचा होतो. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही ट्वीटरमधून तेवढीच सूं येत असेल तर ती ॲम्प्लिफायरची स्वतःची. तिला उपाय नाही. खरेदी झाल्यावर परतीची मुदत संपायच्या आत, रात्री पंखा बंद करून, नेहमी बसता त्या जागेवरून हे तपासा. सूं नॉबबरोबर वाढत असेल तर कॉम्प्युटरचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि स्पीकरचा कमी करा.

घूं किंवा माउस हलवताना येणारी किरकिर बहुतेक वेळा ग्राउंड लूपची, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या नकोशा प्रवाहाची असते. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबली की निदान पक्कं. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर ऑप्टिकल केबल किंवा बॅलन्स्ड (वाटेत शिरलेला गोंगाट खोडणाऱ्या) आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड. केबलच्या मध्ये लावायचा स्वस्त आयसोलेटर घूं घालवतो, पण त्यातला छोटा ट्रान्सफॉर्मर बासही खातो. प्लगची अर्थिंगची पिन काढणं हा उपाय अजिबात नाही, त्यात जिवाला धोका आहे.

केबलबाबत एक सापळा: हेडफोनच्या छिद्रातून निघालेली स्टीरिओ केबल स्पीकरच्या बॅलन्स्ड छिद्रात सरळ खुपसली तर डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो. गाण्यातला गायक गायब होतो आणि लोक स्पीकर खराब समजून परत करतात. ३.५ मिमीच्या एका टोकाकडून दोन स्वतंत्र मोनो टोकांकडे जाणारी केबल घ्या.

ऑटो स्टँडबाय बंद करता येतो ना, हे जरूर बघा. हळू आवाजात काही चालू असताना स्पीकर झोपी जातात आणि जागे होताना कॉलचे पहिले शब्द गिळतात. ब्लूटूथ फक्त गाण्यांसाठी ठेवावं. गेम आणि एडिटिंगमध्ये उशीर स्पष्ट जाणवतो. टेबल ६० सेंमीपेक्षा कमी खोल असेल तर मात्र ५ इंचीचा हट्ट सोडा, ४ इंची घ्या.