मोरा कंपॅनियन चाकू, तीन पावसाळ्यांनंतर

बेळगावच्या उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे लोखंड तापवून कडक करायच्या, खात्यात काम करतो. पातं कुठलंही असो, हातात आलं की आधी हार्डनेस किती असेल हेच डोक्यात येतं. तरी पहिल्या चाकूला फसलोच. पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मूठ, टोपणात होकायंत्र! ओला बांबू फोडताना पातं मुठीतून उपसून हातात आलं. आत बघतो तर अंगठ्याच्या पेराएवढं शेपूट आणि एक नट.

मग स्वीडनचा मोरा कंपॅनियन घेतला, स्टेनलेसचा. सतराशेला पडला. दिसायला अगदीच साधा, चार इंचाचं पातं, जाडी अडीच मिलिमीटर. कंपनी हार्डनेस ५६ ते ५८ रॉकवेल सांगते. जेवणाच्या सुट्टीत मशीनवर ठेवला, ५७ आला. हिऱ्याच्या टोकाचा तो बारीक खड्डा पात्यावर अजून आहे, कुणी विचारलं की दाखवतो.

कार्बन स्टीलचा पण मिळतो. पण जांबोटीकडं जूनपासून अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथं पातं कोण पुसत बसणार? शिवाय काजूचा बोंडू नाहीतर कैरी चिरली की कार्बनचं पातं काळं पडतं. आणि हो, बोंडू चिरा, पण ओली काजूबी चाकूनं फोडायला जाऊ नका. तिच्या टरफलातलं तेल उडालं तर कातडी भाजते.

खरी परीक्षा आत्याच्या परड्यात झाली. तिनं चाकू उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "ह्यो पोरांच्या खेळण्यातला. फणसाला कुटं पुरतोय?" फणस उभा फोडायला तिनं कोयताच घेतला, आणि बरोबरच होतं तिचं. पण पाव, म्हणजे फणसाचा मधला दांडा, काढायला, गरे सोडवायला मोरा असा चालला की दुसऱ्या फणसाला तिनं माझ्याकडं न बघताच हात पुढं केला. पात्याला आधी खोबरेल चोळलेलं, त्यामुळं चीक एका फडक्यानं निघाला. मुठीच्या खाचांत मात्र बसला, तो काढायला जुना टूथब्रश लागला.

धारेचं सांगतो, कारण लोक तिथंच घाबरतात. ह्याच्या पात्याला दोन्ही बाजूंनी एकेकच रुंद उतार आहे. तो दगडावर सपाट टेकवायचा आणि घासायचं. कोन धरायची कसरत नाही. माझा पुतण्या आठवीत आहे, त्याला दहा मिनिटांत जमलं.

तोडायला मात्र हा चाकू नाही. मुठीत लोखंड शेवटपर्यंत गेलेलं नाही, त्यामुळं पाठीवर दगड मारून लाकूड फोडू नका. तोडायला खानापूरच्या बाजारातून गाडीच्या कमानपाट्याची कोयती घ्या, लोहार समोर पाणी देऊन देतो. भीमगड अभयारण्यात जाणार असाल तर दोन्ही घरी ठेवा. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेणं गुन्हा आहे, चाकूसुद्धा त्यात येतो.

म्यानावर माझा राग आहे. प्लॅस्टिकचं, पट्ट्याला नुसतं अडकवायचं. चोर्ल्याच्या रस्त्यावर गाडीवरून घाट उतरताना सुटून पडलं, अर्धा किलोमीटर मागं चालत गेलो तेव्हा गवतात सापडलं. आता सुतळीनं बांधतो.