७८०चा क्रेडिट स्कोअर की 'रेंट वेल'चं प्रमाणपत्र? पोर्टलंडकडे घर भाड्याने देताना

अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळ, हिल्सबरो-बीव्हर्टन भागात नोकरीपायी आलेली बरीच मराठी कुटुंबं दुसरं, मोठं घर घेतात तेव्हा पहिलं विकत नाहीत, भाड्याने देतात. मग कधीतरी हा प्रश्न येतोच. दोन अर्ज समोर असतात. एकाचा क्रेडिट स्कोअर ७८०, पगार भाड्याच्या चौपट, कागद स्वच्छ. दुसरीचा स्कोअर बेताचा, चार वर्षांपूर्वी भाडं थकल्यामुळे कोर्टाने घर खाली करायला लावलेलं, पण सोबत 'रेंट वेल'चं प्रमाणपत्र. माझ्या टाउनहाऊसमध्ये दोन्ही प्रकारचे भाडेकरू राहिले आहेत, म्हणून लिहितो आहे.

'रेंट वेल' हा भाडेकरूंसाठीचा १५ तासांचा वर्ग आहे. अर्जात जुनी चूक कशी सांगायची, क्रेडिट कसं सावरायचं, महिन्याचं बजेट, ओरेगनचा भाडेकायदा, घराची निगा आणि घरमालकाशी बोलणं हे सगळं त्यात शिकवतात. वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाची एक फाइल तयार होते.

माझ्या भाडेकरूने ती फाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडली होती. पहिल्या पानावर तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं की घर का सोडावं लागलं. मागे खर्चाचा तक्ता आणि जुनी थकबाकी हप्त्याने फेडल्याच्या पावत्या. मग तिने विचारलं, "पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणीही विचारलेला नाही.

क्रेडिट स्कोअर काय सांगतो? त्या माणसाने बँकेचे आणि कार्डाचे हप्ते वेळेवर भरले. भाडं बुडण्याची भीती त्याने कमी होते, हे खरंच आहे, आणि तुमच्या घरकर्जाचा हप्ता त्याच भाड्यातून जात असेल तर हा मुद्दा लहान नाही. पण घरात काय चाललंय ते तो सांगत नाही. इथला हिवाळा म्हणजे ऑक्टोबरपासून पाऊस. आंघोळीनंतर पंखा लावला नाही तर बाथरूमला बुरशी धरायला वेळ लागत नाही. माझ्या उत्तम स्कोअरवाल्या भाडेकरूने भाडं एकदाही चुकवलं नाही, पण शॉवरमागची भिंत ओली होत असल्याचं कळवलंही नाही. तो गेला तेव्हा टाइलमागचा बोर्ड बोटाने दाबला तर आत जात होता. दुरुस्तीला डिपॉझिट पुरलं नाही. वर्ग केलेल्या बाईने मात्र तिसऱ्याच आठवड्यात खिडकीच्या चौकटीतल्या काळ्या ठिपक्यांचा फोटो पाठवला. वीस मिनिटांचं काम होतं.

दोन माणसांवरून नियम काढू नये. वर्ग केलेला प्रत्येक जण असाच निघेल असं नाही, कारण पंधरा तासांच्या वर्गाने पगार वाढत नाही. नोकरी गेली तर भाडं अडकेलच. फरक पडतो तो फोन लवकर येण्याचा. सात तारखेलाच "या महिन्यात अर्धंच जमेल" असं कळलं तर काहीतरी ठरवता येतं.

आता पैशांचं. वर्ग केलेल्यांच्या घरमालकांसाठी हमी निधीची सोय असते: थकलेलं भाडं किंवा डिपॉझिटच्या वर गेलेलं नुकसान ठरावीक मर्यादेपर्यंत भरून मिळतं. हा निधी तुमच्या काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) लागू आहे का, प्रमाणपत्राची मुदत उरली आहे का आणि दाव्यासाठी काय कागद लागतात, हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्या. सरकारी भाडे-व्हाउचरवाल्या, म्हणजे ज्यांच्या भाड्याचा काही भाग सरकार भरतं अशा, भाडेकरूंसाठी ओरेगन राज्याची वेगळी योजना आहे. तिची मर्यादा ५,००० डॉलर, आणि दाव्याआधी कोर्टाचा निकाल हातात लागतो. महिन्याचं भाडं २,२०० डॉलर धरलं तर ही रक्कम सव्वादोन महिन्यांची होते. आधार आहे, पण अख्ख्या नुकसानीचा विमा नाही. ७८० स्कोअरवाल्याच्या मागे मात्र डिपॉझिट सोडून काहीच नसतं.

यात आपले लोक एक चूक हमखास करतात. पुण्यात आपण ओळखीतल्याला घर देतो, तीच सवय इथे येते. ग्रुपवर "शक्यतो भारतीय कुटुंब" असं टाकलं जातं. अमेरिकेच्या १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याखाली (घर देताना भेदभावाला बंदी करणारा कायदा) मूळ देश किंवा धर्म यावरून पसंती दाखवणारी जाहिरात बेकायदेशीर आहे, एकच घर भाड्याने देणाऱ्यालाही. व्हाउचर आहे म्हणून नाही म्हणणं ओरेगनमध्ये २०१४पासून चालत नाही. पाच वर्षांपेक्षा जुना घर खाली करण्याचा निकालही अर्ज नाकारायला वापरता येत नाही. घर पोर्टलंड शहराच्या हद्दीत असेल तर अर्ज आले त्या क्रमानेच तपासावे लागतात. त्यामुळे "दोघांतलं कोण" हा निर्णय खरं तर जाहिरात देण्याआधीच, तुमच्या लेखी निकषांत होतो. माझ्या निकषांत आता एक ओळ आहे: मान्यताप्राप्त भाडेकरू-शिक्षणाचं प्रमाणपत्र असेल तर कमी स्कोअर किंवा जुना निकाल एवढ्यावरून अर्ज नाकारला जाणार नाही. सगळ्यांना सारखी लागू.

ही ओळ तुम्ही घालावी का? तुम्ही गावातच राहत असाल, दुरुस्तीचा फोन उचलत असाल आणि दोन-तीन महिन्यांचा हप्ता खिशातून भरायची ताकद असेल तर जरूर घाला. घर जुनं असेल तर माझ्या मते घालाच, कारण जुन्या घराला लवकर सांगणारा माणूस लागतो. पण तुम्ही पुण्याला परतला असाल, कारभार मॅनेजरकडे असेल आणि तो ईमेलला चार दिवसांनी उत्तर देत असेल, तर आधी मॅनेजर बदला. गळतीचा फोटो लगेच पाठवायला शिकलेल्या माणसाला चार दिवस उत्तर मिळालं नाही, तर पुढचा फोटो तो पाठवणार नाही.

आणि निर्णय पहिल्या वर्षात नीट पारखा. ओरेगनच्या २०१९च्या कायद्यानंतर भाडेकरू राहायला येऊन वर्ष उलटलं की कायद्यात दिलेल्या कारणाशिवाय साधारणपणे भाडेकरूला काढता येत नाही. भाडेकरू आत येतानाच खोल्यांचे तारखेसकट फोटो काढा, दोघांच्या सह्यांनिशी यादी करा. घर सोडल्यावर ३१ दिवसांत डिपॉझिटचा लेखी हिशेब द्यायचा असतो, तेव्हा हीच यादी कामाला येते. माझ्या भाडेकरूने ती यादी माझ्या आधीच भरून ठेवली होती. मागच्या दाराच्या कडीला चरा आहे, हे मला तिच्या यादीतूनच कळलं.