घरघंटी: ज्वारी, तांदूळ, हरभरा चालेल, गहू आणू नये

मी एसटीत कंडक्टर. तिकिटाचं यंत्र सोडलं तर दुसऱ्या यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण ही एक एचपीची घरघंटी तीन वर्षांपासून आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभी आहे, आणि ती घेताना मला जे कुणीच सांगितलं नव्हतं ते लिहून ठेवतोय. कंपनीचं नाव घालत नाही. दार उघडून आत बघितलं तर बाजारातल्या सगळ्या घरघंट्या सख्ख्या बहिणी वाटतात.

आधी कशासाठी घेतली ते. 2021 साली गर्दीच्या गाडीत तिकिटं फाडताना मला घेरी यायला लागली. हिमोग्लोबिन 7.8. डेपोत कुणी कावीळ म्हणालं, कुणी टीबी, एकानं तर बायकोला बाजूला घेऊन "मास्तर पितात का?" असंही विचारून घेतलं. रक्ताच्या गोळ्या झाल्या, सुया झाल्या. शेवटी सोलापूरच्या पोटाच्या डॉक्टरांनी एक रक्ततपासणी केली, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, सीलिॲक. कणकेला जो चिवटपणा येतो ना, ते ग्लूटेन. ते पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, आतली अस्तराची लव झडते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. गोळी नाही, ऑपरेशन नाही. गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक विलायती धान्य) जन्मभर बंद.

मी चक्क हसलो. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला गहू बंद! मालदांडीच्या भाकरीवर वाढलेला गडी मी. ज्वारी बंद केली असती तर रडलो असतो.

हसू आठवडाभर टिकलं. आपल्याकडेही पाहुण्याच्या ताटात भाकरी वाढणं कमीपणाचं होऊन बसलंय हे मला तोवर जाणवलं नव्हतं. घरात भाकरी, पाहुण्याला चपाती. लग्नात पुरी, बारशाला शिरा, पूजेला शिरा, मुक्कामाच्या गावी सरपंचाच्या घरी गरमागरम चपात्या. शेवया, रवा, दलिया, पाव, बिस्कीट सगळा गहूच. थालीपिठाच्या भाजणीत गहू, मेतकुटात गहू. डबीतल्या बांधानी हिंगातसुद्धा मैदा असतो, हे कळलं त्या दिवशी बायको डोक्याला हात लावून बसली.

तरी सहा महिने काटेकोर पाळलं. हिमोग्लोबिन साडेनऊवर येऊन अडकलं. डॉक्टरांनी विचारलं, ज्वारी कुठं दळता? म्हटलं, गल्लीतल्या गिरणीत. ते नुसते बघत राहिले. गिरणीवाला भला माणूस आहे, "गव्हावर टाकू नका, ज्वारीवर टाका" म्हटलं की ऐकतो. पण दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की एकच जातं चालू ठेवतो, आणि खाली सांडलेलं पीठ झाडून कुणाच्या डब्यात जातं ते देवाला माहीत. डॉक्टरांनी कागदावर हिशोब करून दाखवला. आपल्या देशात पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. एक ग्रॅम कणकेत सत्तर-ऐंशी मिलिग्रॅम तरी असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात चिमूटभर कणीक मिसळली की झालं, मर्यादेच्या तीन-चार पट. मला हिशोब पटतो. रोज गाडीचा हिशोब एक रुपया कमी भरला तर काय होतं ते कंडक्टरला विचारा.

2022 च्या दिवाळीत साडेएकोणीस हजारांना यंत्र घेतलं. दाजींनी ऐकलं आणि लगेच गणित मांडलं: "तेवढ्यात तुमचं वीस वर्षांचं दळण झालं असतं." गणित बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

आता यंत्राबद्दल. माझ्यासारखा आजार असेल तर पहिली गोष्ट: दुकानात ट्रायल केलेला नमुना घेऊ नका, सीलबंद खोका मागा. मी मागितला. खोका घरी आला, जोडायला मेकॅनिक आला. त्यानं जोडणी केली, पुसून घेतलं आणि खिशातून एक पुडी काढली. विचारलं, काय आहे? "गहू साहेब, डेमोला." अक्षरशः त्याचं मनगट धरलं. तो माणूस घाबरला, त्याला वाटलं मी पैशावरून भांडणार. कारखान्यात चाचणीला काय दळून बघत असतील याचा भरवसा नाही, म्हणून दोन दिवस ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं साफ केलं, तीन किलो तांदूळ दळून ते पीठ आक्काच्या म्हशीला घातलं आणि मग घरची ज्वारी टाकली.

यात गिरणीसारखे दगड नसतात. आत पोलादी दाते गरगर फिरतात, दाणा आपटून फुटतो आणि जाळीतून गाळून खाली येतो. जाडबारीक ठरतं ते जाळीवर. भाकरीला बारीक जाळी, बेसनाला तीच, इडलीच्या रव्याला मोठी. ज्वारी किलोला आठ-दहा मिनिटं घेते. दार उघडलं की मोटार बंद होते, ही सोय चांगली आहे, घरात लहान पोरं असतील तर. मोटार 750 वॅटच्या आसपास, सलग तासभर चालली तरी पाऊण युनिट. बाजरी तेलकट, ती बारीक जाळीत बसते. दर किलोला थांबून ब्रश मारावा लागतो. शेंगदाणे, तीळ अजिबात टाकू नका.

पीठ गरम पडतं. लगेच डब्यात झाकलं तर घाम सुटून गोळे होतात, पसरून गार करा. आईचं मत आहे की याला गिरणीच्या पिठाची चव नाही, आणि आई बरोबर आहे. पण दोन दिवसांपुरतं ताजं दळता येतं, त्यामुळे भाकरी थापताना कडा फाटत नाहीत, बाजरी कडवट होत नाही. आवाज मात्र मिक्सरच्या थोरल्या भावाचा. या आवाजानंच घोळ केला.

यंत्र आल्याच्या चौथ्या दिवशी शेजारच्या काकू दोन किलो गव्हाचा डबा घेऊन दारात. "भाऊ, एवढं घेता का दळून? गिरणीत लाईट नाही." गल्लीत पहिला टीव्ही आला तेव्हा सगळे त्या घरी जाऊन बसायचे, त्यातलाच हा हक्क. मला सरळ बोलवेना. म्हटलं, "मोटार गरम होतीय काकू, कंपनीचा माणूस येणाराय." दुसऱ्या दिवशी पहाटेची ड्युटी म्हणून आदल्या रात्रीच दळायला घेतलं. भिंतीपलीकडून आवाज आला: "गार झाली वाटतं मोटार!"

मग गल्लीत बोलणं सुरू झालं. लग्नात हा जेवत नाही, पूजेचा प्रसाद घेत नाही, आणि आता आपला दाणाही याच्या यंत्राला चालत नाही. कुणीतरी शब्द वापरला, सोवळं. आमच्या गल्लीत सगळ्या जातीची घरं आहेत. अन्न नाकारणं, दाण्याला शिवू न देणं याचा आपल्याकडे एक जुना अर्थ आहे, तो ज्यांनी भोगलाय त्यांना सांगावा लागत नाही. डॉक्टरचा कागद त्यापुढे लंगडा पडतो. गल्लीतले रिटायर ड्रायव्हर, ज्यांना मी मामा म्हणतो, ते एकदा पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, आमच्या घरचं पाणी तरी चालतं ना?"

आजाराबद्दल आजवर मला जेवढं ऐकावं लागलं, त्यात हे एकच वाक्य रात्रभर झोपू देईना. "एवढ्यानं काय होतंय", "नुसता वास घे", "आमच्या काळी नव्हते असले आजार" हे सगळं ऐकून घेता येतं. सकाळी मामांच्या घरी गेलो. दोन तांबे पाणी प्यायलो, चहा घेतला, मामींनी समोर ठेवलेली केळी खाल्ली, आणि मग आतड्याचं सगळं सांगितलं. तेव्हापासून हीच पद्धत आहे. कुणाच्याही घरी गेलो की आधी पाणी मागून घेतो, चहा मागतो, आणि नाही म्हणायचं ते त्यानंतर. आधी नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं, आपण अन्नाला नाही, त्यालाच नाही म्हणतोय.

काकूंचा प्रश्न मी नाही, आईनं सोडवला. त्या पुन्हा डबा घेऊन आल्या तेव्हा आई ओट्यापाशी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ते त्याचं औषध कुटायचा खलबत्ता हाय बाई. त्यात दुसरं कुटत न्हाईत." काकू "हां हां" म्हणत परत गेल्या. मी दोन महिने जे ग्लूटेन-ग्लूटेन करत होतो ते एका खलबत्त्यात बसलं. आता त्या ज्वारी आणतात, ती मात्र मी घेत नाही. मळणी यंत्रावर एका पाठोपाठ एक धान्य होतं, ज्वारीत गव्हाचे दाणे निघतातच. आमची ज्वारी मी स्वतः सुट्टीच्या दिवशी सूप घेऊन निवडतो. पुरुषमाणूस सूप घेऊन बसलेला बघून गल्लीतल्या पोरांनी फोटोही काढलेत.

दाजींचं म्हणणं की हे सगळं शहरातलं नवं फॅड. त्यांना मी डॉक्टरांकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, त्यांना गव्हाचा आधीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथं पावाची टंचाई झाली, लोक उपाशी मेले, आणि या आजाराची पोरं मात्र सुधारायला लागली. पाव परत आला तशी पुन्हा खंगली. 1950 साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. दाजी म्हणाले, "हॉलंडचं सोडा, आपल्यात कुणाला हाय?" उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला आहे म्हटलं. "मग उत्तरेत," म्हणाले, आणि पान लावायला घेतलं. काही माणसं पटवायची नसतात. त्यांच्या ताटापासून लांब बसायचं.

एक कबुली. पहिल्या वर्षी मी सरळ खोटं बोलायचो, "आज उपवास आहे." जादू व्हायची. आजार म्हटलं की दहा प्रश्न, एकादशी म्हटलं की यजमानीण स्वतः भगर टाकायला उठायची. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, सगळंच मला चालणारं. आमच्याकडं माळकऱ्याला मटणाचा आग्रह कुणी करत नाही. देवासाठी सोडलेलं लोकांना कळतं, आतड्यासाठी सोडलेलं नाही. पण आठवड्यात चार एकादश्या व्हायला लागल्यावर माझ्या ड्रायव्हरनं पंचांग काढलं. शिवाय प्रसादाला उपवासही चालत नाही. मावशीनं सत्यनारायणाच्या पूजेत सगळ्यांसमोर कलावतीची आठवण दिली, प्रसाद न घेता धावत गेली आणि नवऱ्याची नाव बुडाली. म्हटलं, मावशी, प्रसाद घेतला तर माझी बुडते. प्रसादातलं केळं कपाळाला लावून खाल्लं. तेही शिऱ्याच्या पातेल्यातलं नव्हे, पूजेवरचं.

यंत्राचे पैसे खरे वसूल झाले ते 2023 च्या अधिक श्रावणात. धोंड्याचं जेवण, जावई मी एकटाच, आणि धोंडे कणकेचे. सासूबाई फोनवर रडायच्या बेतात. मी आदल्या दिवशी घरी तांदूळ दळले, बारीक जाळीत दोनदा, आणि नवी मोदकाची चाळण घेऊन सासुरवाडीला पोचलो. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं आणि गुळाचं, त्यात काही अडचण नाही. सासूबाईंनी उकड काढली, आधी माझे धोंडे केले, ते झाकून ठेवून मग कणकेला हात लावला. चांदीची वाटी, वरून तूप, तेहतीस अनारसे दिले ते घरच्यांनी खाल्ले. मेहुणा म्हणाला, "दाजी, हे मोदकच झाले की." पण त्यानंच माझ्यातले दोन पळवले.

सध्या हिमोग्लोबिन 12.9 आहे. यंत्राला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण आवाजाचा कापला, अर्धा बाजरीचा, आणि अर्धा सर्व्हिसचा: बारीक जाळीला चीर गेलीय, दोन आठवडे झाले, दुकानदार "मंगळवारी येतीय" म्हणतोय. तोवर मधल्या जाळीचं पीठ चाळून भाकरी चाललीय. काकू भिंतीपलीकडून विचारत होत्या, खलबत्त्याला काय झालं, आवाज नाही कालपासून.