फुकट बॉयलरच्या नावाखाली: लेस्टरमध्ये माझ्या मावशीला कसं लुबाडलं

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांनी, आणि ज्यांचे आई-वडील, काका, मावश्या तिथे एकटे राहतात त्या सगळ्यांनी वाचावं म्हणून हे लिहिते आहे. ‘सरकार जुना बॉयलर फुकटात बदलून देतंय’ असं सांगून माझ्या मावशीला लुबाडलं. गेलेले पैसे आम्ही भांडून जवळपास सगळे परत मिळवले. पण तिच्या सहीवर जे खोटे कागद तयार झाले, ते निस्तरणं अजून चालूच आहे. माझ्या मते या प्रकारातला मोठा धोका तोच आहे. पैसे गेल्याचं सगळे सांगतात, कागदांचं कोणी सांगत नाही.

मावशी एनएचएसमधून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतून, निवृत्त झालेली नर्स. सत्तरी ओलांडली आहे, काका गेल्यापासून लेस्टरच्या सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्याला जोडलेल्या) घरात एकटी राहते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्या कॉम्बी बॉयलरने, म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणाऱ्या यंत्राने, त्रास द्यायला सुरुवात केली. प्रेशरचा काटा सारखा खाली यायचा, रेडिएटर कोमट पडायचे, आणि दर दोन दिवसांनी तिला वाकून खालचा नळ फिरवून पाणी भरावं लागायचं. गुडघे दुखणाऱ्या बाईला हे सारखं कसं जमणार? नवीन गॅस बॉयलर बसवायचा तर दोन-तीन हजार पौंड सहज लागतात. अशातच फेसबुकवर तिला जाहिरात दिसली: साठीच्या पुढच्यांसाठी सरकारी योजनेतून मोफत बॉयलर, पात्र आहात का बघा. नाव, पोस्टकोड, फोन नंबर, घर स्वतःचं आहे का, बॉयलर किती जुना, एवढंच विचारलं होतं. तिने भरलं आणि अर्ध्या तासात फोन आला. आडनाव वाचूनच केला असावा, कारण पलीकडचा मुलगा सरळ मराठीत बोलायला लागला.

“नमस्कार काकू, मूळच्या कुठल्या तुम्ही?”

“साताऱ्याची रे.”

“अरे वा! आमचं आजोळ कोरेगावचं.”

खरं-खोटं देव जाणे. पण परदेशात चाळीस-पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला आपल्या गावाकडचा आवाज ऐकला की किती बरं वाटतं, हे त्या मुलाला पक्कं ठाऊक होतं. त्याने आधी तब्येत विचारली, थंडीचं विचारलं, आणि मग ‘मी स्वतः तुमची फाइल बघतो’ म्हणाला. या धंद्यातले लोक आता आपल्या भाषेत बोलतात, हे कृपा करून घरातल्या मोठ्यांना सांगा. समोरचा मराठीत बोलतोय म्हणजे तो आपला, असं धरून चालू नका.

दोन दिवसांनी एक सर्व्हेअर घरी आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. माळ्यावर चढून फोटो काढले, खिडक्या मोजल्या. बॉयलरचं झाकण न उघडता, कुठलंही यंत्र न लावता त्याने सांगितलं की यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतोय, रात्री लावून झोपू नका. मावशीच्या स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे आणि तो एकदाही वाजला नव्हता. पण ज्या बाईने आयुष्यभर वॉर्डात पेशंट बघितले, तिला त्या वायूने माणूस झोपेत जातो हे चांगलं माहीत आहे. ती घाबरली. नोव्हेंबरच्या थंडीत हीटिंग बंद करून रात्री दोन स्वेटर घालून झोपू लागली. याचा मला आजही सर्वांत जास्त राग येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणाला हात लावायचा तर माणूस ‘गॅस सेफ रजिस्टर’वर, म्हणजे परवानाधारक गॅस कारागिरांच्या नोंदवहीत, असावाच लागतो, तसा कायदाच आहे. २००९ मध्ये जुन्या ‘कॉर्गी’ नोंदणीच्या जागी हे रजिस्टर आलं. अशा माणसाकडे फोटो आणि परवाना क्रमांक असलेलं कार्ड असतं, आणि कार्डाच्या मागच्या बाजूला त्याला कुठकुठल्या कामाची परवानगी आहे ते छापलेलं असतं. मागितलं की दाखवतात, कोणी रागवत नाही. तो क्रमांक रजिस्टरच्या वेबसाइटवर टाकून लगेच तपासता येतो. मावशीकडे आलेल्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर फक्त कंपनीचं नाव होतं. आणि खरंच गॅसचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा संशय आला, तर ०८०० १११ ९९९ या आपत्कालीन नंबरवर फोन करायचा. तो चोवीस तास चालू असतो. गळती खरी असती, तर तो सर्व्हेअर बाईला त्या घरात सोडून टॅबलेटवर सह्या घेत बसला नसता.

सह्या त्याने घेतल्या. काचेवर बोट फिरवून. काय लिहिलंय ते वाचायला दिलं नाही, “फक्त सर्व्हेची पोच आहे” म्हणाला.

मग पैशाचं सुरू झालं. आधी ३४९ पौंड सर्व्हेची फी, बॉयलर बसला की परत मिळणार, ती फोनवर डेबिट कार्डाने घेतली. आठवड्याभरात मराठी मुलाचा आनंदाने भरलेला फोन: “काकू, मंजूर झालं!” फक्त पाइप बदलायचा खर्च ग्रँटमध्ये बसत नाही, त्याचे १,४५० पौंड आज भरले तर ख्रिसमसच्या आधी काम होईल, नाहीतर कोटा संपतोय. पैसे बँक ट्रान्सफरने. बँकेच्या अ‍ॅपवर लाल अक्षरांत इशारा आला की खातेदाराचं नाव जुळत नाही. तो फोनवरच होता. म्हणाला, “ते एस्क्रो खातं आहे काकू, काम होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवायचं, म्हणून तसं दिसतं. कारण विचारलं तर ‘मित्राला’ असं निवडा.” बँकेने लोकांना वाचवण्यासाठी केलेली सगळी सोय त्याने अशी बाजूला सारली. पैसे गेले, तारीख एकदा पुढे गेली, परत पुढे गेली, आणि मग फोन लागेनासा झाला.

मला मावशीने सांगितलं तेव्हा मी आधी ‘कंपनीज हाउस’च्या, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या, वेबसाइटवर त्या कंपनीचं नाव टाकलं. हे कोणालाही फुकट बघता येतं. कंपनी काही महिन्यांपूर्वीच नोंदवलेली, संचालक एकच, आणि पत्ता म्हणजे निव्वळ टपाल गोळा करायची जागा.

आता खऱ्या योजनांबद्दल, कारण या फसवणुकीला जोर येतो तो अर्धवट सत्यातून. योजना खरोखर आहेत, म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’ नावाची योजना इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ पासून आहे. नावात बॉयलर असला तरी गॅस बॉयलरसाठी तिच्यातून एक पेनीही मिळत नाही. ती मुख्यतः हीट पंपासाठी, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घर तापवणाऱ्या विजेच्या यंत्रासाठी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाहेरच्या हवेतली उष्णता घेणाऱ्या हीट पंपासाठीची मदत ७,५०० पौंड झाली. अर्ज इन्स्टॉलर करतो, रक्कम त्याच्या बिलातून वजा होते, आणि तुमची संमती ऑफजेम ही सरकारी नियामक संस्था थेट तुमच्याकडून घेते. दुसरी होती ‘इको ४’. तिचे पैसे सरकारी तिजोरीतून येत नव्हते, ते मोठ्या वीज-गॅस कंपन्यांना द्यावे लागायचे आणि शेवटी सगळ्यांच्या बिलातून वसूल व्हायचे. तिच्यात काही घरांचे बॉयलर बदललेही गेले. पण त्यासाठी पेन्शन क्रेडिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिटसारखा कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी भत्ता मिळत असावा लागे, नाहीतर कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) कमी उत्पन्नाच्या निकषात बसावं लागे. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांच्या घराचा ऊर्जा दाखला, म्हणजे ईपीसी, ‘डी’ किंवा त्याखालचा असावा लागे, आणि कामानंतर घराची श्रेणी वर जावी लागे. नुसतं वय साठीच्या पुढे आहे म्हणून कोणालाही बॉयलर, असं काही नव्हतं. ती योजना बंद करत असल्याचं सरकारने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं. इंग्लंडमध्ये कमी उत्पन्नाच्या घरांसाठी कौन्सिलमार्फत ‘वॉर्म होम्स लोकल ग्रँट’ आहे, तिच्यातूनही गॅस बॉयलर मिळत नाही. स्कॉटलंड आणि वेल्सच्या योजना वेगळ्या आहेत, त्या त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरच बघाव्यात.

मावशीच्या घराचा ईपीसी मी पोस्टकोड टाकून सरकारी नोंदवहीत बघितला. तीही सर्वांना खुली आहे. जुना दाखला ‘सी’ श्रेणीचा होता, भिंतीच्या पोकळीत इन्सुलेशन (उष्णता आत धरून ठेवणारं भरण) भरलेलं, दुहेरी काचा, सगळं नोंदलेलं. म्हणजे ती पहिल्याच पायरीवर अपात्र होती. पण त्याच पत्त्यावर सर्व्हेनंतरचा एक नवा दाखला आला होता: ‘डी’. भिंतीत इन्सुलेशन नाही, असं त्यात लिहिलं होतं. ते भरायला काकांनी उभं राहून भिंतीला भोकं पाडून घेतली होती आणि बाहेरच्या विटांवर ती बुजवलेली वर्तुळं आजही दिसतात. कोणीतरी कागदावर ते इन्सुलेशन पुसून टाकलं होतं.

मग मावशीच्या ईमेलमधली ती पीडीएफ मी पानन् पान वाचली, जिला सर्व्हेअर पोच म्हणाला होता. तो अर्ज होता. ‘मला पेन्शन क्रेडिट मिळतं’ या चौकटीत खूण, खाली मावशीची बोटाने केलेली सही. तिला स्टेट पेन्शन आणि एनएचएसची पेन्शन मिळते, पेन्शन क्रेडिट कधीच मिळालेलं नाही. पुढच्या पानावर तिच्या घरात माळ्याचं आणि जमिनीखालचं इन्सुलेशन करून घ्यायला संमती. ज्या बाईने हयातीत एक बस तिकीट चुकवलं नाही, तिच्या नावाने सरकारी योजनेत खोटं निवेदन!

हा प्रकार एकट्या मावशीपुरता नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात ऑफजेमचा अंदाज दिलाय की ‘इको’मध्ये ५,६०० ते १६,५०० घरांसाठी खोटे दावे केले गेले असावेत, रक्कम ५.६ ते १६.५ कोटी पौंडांच्या घरात. त्या प्रत्येक दाव्यामागे कोणाचं तरी घर आणि कोणाचा तरी पत्ता आहे. आपल्यातल्या व्हिसावर राहणाऱ्यांना तर विशेष सांगते. तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) ही अट असेल, तर पेन्शन क्रेडिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिट तुम्हाला मिळूच शकत नाही. आणि तुमच्याच सहीचा कागद जर म्हणत असेल की मिळतं, तर त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. टॅबलेटवर सही मागितली तर आधी पूर्ण मजकूर ईमेलवर मागा, घरच्या कोणाला तरी दाखवा, मग बघू म्हणा.

पैशांचं काय केलं तेही सांगते. बँकेला १५९ या नंबरवरून फोन लावला. तो थेट तुमच्या बँकेच्या फसवणूक विभागाकडे जोडून देतो, बहुतेक मोठ्या बँका त्यात आहेत. ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे की फसवून करून घेतलेला देशांतर्गत ट्रान्सफर बँकेने भरून द्यायचा, कमाल ८५,००० पौंडांपर्यंत, आणि तक्रार शेवटच्या पेमेंटपासून तेरा महिन्यांच्या आत करायची. आधी बँक म्हणाली, हा ग्राहक आणि कंपनीमधला वाद आहे, फसवणूक नाही. या उत्तरावर बरेच जण गप्प बसतात. आम्ही लेखी तक्रार दिली, सोबत कंपनीची नोंद, दोन्ही ईपीसी, ‘मित्राला’ निवडायला सांगितल्याचा तपशील, आणि ‘नाहीतर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे जाऊ’ असं स्पष्ट लिहिलं. बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारी ती सेवा ग्राहकाला फुकट आहे. बँक नमली. १,४५० पौंड पूर्ण मिळाले. नियमानुसार बँक शंभर पौंडांपर्यंत कापू शकते, पण मावशीचं वय आणि प्रकृती बघून ते कापले नाहीत. कार्डाने दिलेल्या ३४९ साठी चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत ते पैसे उलटे वळवून, मागितला. त्यातले २०० आले, बाकीचे नाहीत, कारण सर्व्हे ‘झाला’ असं समोरच्याने दाखवलं. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनला, ०८०८ २२३ ११३३, सगळं कळवलं. ते पुढे ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातली फसवणूक तपासणाऱ्या सरकारी विभागाकडे पाठवतात.

कागदांची लढाई लांबली. ऑफजेमला लेखी कळवलं की हे निवेदन मावशीचं नाही. नव्या ईपीसीवर मूल्यमापन करणाऱ्याचं नाव आणि तो ज्या संस्थेचा मान्यताप्राप्त आहे तिचं नाव छापलेलं असतं. त्या संस्थेकडे भिंतीच्या फोटोंसकट तक्रार केली. दाखला मागे घेतला जाईल असं उत्तर आलं, पण हे लिहिताना तो नोंदवहीत अजून दिसतोच आहे. घर विकायचं ठरलं तर गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच बघणार, म्हणून मी पाठपुरावा सोडलेला नाही. लेस्टरमधल्या किंवा आजूबाजूच्या कोणाकडे असा सर्व्हे झाला असेल, तर आजच पोस्टकोड टाकून आपल्या घराचा दाखला बघून घ्या.

आणि तो बॉयलर. कौन्सिलच्या यादीतून नव्हे, शेजारच्या गुजराती बहेनच्या ओळखीने एक गॅस सेफचा माणूस बोलावला. आल्या आल्या त्याने कार्ड दाखवलं, फ्लूमध्ये (धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यात) यंत्राची नळी घालून धुराची तपासणी केली, आकडे मावशीला वाचून दाखवले. कार्बन मोनॉक्साइडचा काही प्रश्नच नव्हता. एक्स्पान्शन व्हेसलमधली, म्हणजे प्रेशर सांभाळणाऱ्या छोट्या टाकीतली हवा गेली होती, म्हणून प्रेशर उतरत होतं. त्याने ती भरली, एक गळका व्हॉल्व्ह बदलला, १४० पौंड घेतले, आणि अजून काही वर्षं आरामात चालेल म्हणाला. तेव्हापासून काटा जागेवर आहे.