ओलान्झापिनची जेनेरिक गोळी : नऊ महिन्यांचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणे, भ्रम होणे असा मानसिक आजार. गेले नऊ महिने तो रोज रात्री ओलान्झापिन या औषधाची जेनेरिक गोळी, म्हणजे मूळ शोधक कंपनीखेरीज इतरांनी बनवलेले तेच औषध, घेतो. त्याआधी हेच औषध आम्ही एका प्रसिद्ध कंपनीच्या नावाने घेत होतो. ते बदलून जनऔषधी केंद्रातून घ्यायचे ठरले, तेव्हा स्वस्त गोळीने कानातले आवाज पुन्हा सुरू होतील, अशी आईला धास्ती होती. डॉक्टरांनी तिला समजावले की अमेरिकेत 1996 साली मान्यता मिळालेल्या या औषधाच्या भारतातल्या बहुतेक गोळ्या, त्यावर कोणतेही नाव छापलेले असो, मुळात जेनेरिकच आहेत. आवाज परतले नाहीत. खर्च मात्र निम्म्याहून खाली आला.

पूर्वी तो गोळी गालात दडवून मोरीत थुंकत असे. जिभेवर ठेवताच विरघळणारी गोळी सुरू केल्यापासून तो प्रश्न उरला नाही.

त्रास आहे तो भुकेचा. रात्री अकरा वाजता तो उठून डबे उघडतो आणि शेंगाचटणीबरोबर तीन-तीन कडक भाकऱ्या खातो. नऊ महिन्यांत त्याचे वजन अकरा किलोंनी वाढले. हा दोष औषधाचाच आहे, नाव बदलल्याने तो टळत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी साखर आणि चरबी तपासून घेणे आम्ही चुकवत नाही.

दुसरी गोष्ट बिडीची. धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात त्याने बिडी एकदम सोडली आणि आठवड्याभरात तो दिवसाही पेंगू लागला. रक्तातले औषध वाढल्याचे ओळखून डॉक्टरांनी मात्रा कमी केली. विड्या वळणाऱ्या आमच्या सोलापुरात ही सूचना प्रत्येक घराला आधीच मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारातला (मन कधी अति उत्साही, कधी अति उदास होण्याच्या आजारातला) उन्माद हे या गोळीचे मुख्य मान्य उपयोग आहेत. शेजारच्या काकूंनी स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाईंना झोप लागावी म्हणून आमच्याकडे दोन गोळ्या मागितल्या, तेव्हा मी नकार दिला, कारण अशा वृद्धांमध्ये या औषधाने मृत्यूचा धोका वाढतो. काकू चार दिवस बोलल्या नाहीत. मग सासूबाईंना घेऊन त्या आमच्याच डॉक्टरांकडे गेल्या.